तेजीमंदीचे चक्र आणि विक्रीची वेळ

(लेखक : एक घाऊक धान्य व्यापारी, बेळगाव)

यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापारविषयक काही लिहावे, अशी आज्ञा चिटणीस महाशयांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे सर्व धडे रविवार पेठेतील वखारीत तराजूजवळ बसून घेतलेले. तथापि गेली काही वर्षे संघाच्या बैठकींना येणारी तरुण मंडळी आम्हांस एकच प्रश्न वारंवार विचारतात : "काका, आता माल काढावा, की आणखी थांबावे?" कोणता माल घ्यावा, किती घ्यावा, हे विचारणारे फार थोडे. खरेदीविषयी प्रत्येकास आत्मविश्वास असतो. अडचण येते ती विक्रीच्या वेळी. या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्वतः मोठी किंमत मोजून शिकलो आहो. ते चार बंधूंच्या उपयोगी पडले, तर त्या खर्चाचे काही सार्थक झाले असे होईल, या हेतूने हा लेख लिहीत आहो.

चक्र का फिरते?

आमचा मुख्य व्यवहार कडधान्याचा, त्यातही तुरीचा. म्हणून तुरीचेच उदाहरण घेऊ. तूर जून-जुलैमध्ये पेरली जाते आणि डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बाजारात येते. पेरणीच्या वेळी शेतकऱ्यापुढे भाव असतो तो मागील हंगामाचा. पुढील हंगामाचा भाव त्यास कोणी सांगू शकत नाही. गतवर्षी तूर महाग विकली गेली असेल, तर तो चार एकरांऐवजी सहा एकर पेरतो. तोच विचार त्याच वेळी कलबुर्गी, लातूर, सोलापूर, विजयपूर आणि यवतमाळ येथील लाखो शेतकरी करीत असतात. सर्वांचा माल एकदमच बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग पुढील वर्षी तेच शेतकरी तूर सोडून कापूस वा सोयाबीन पेरतात, तुरीची टंचाई होते आणि भाव पुन्हा चढतो. अर्थशास्त्रात यास 'कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत' म्हणतात. निकोलस काल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये हे नाव दिले. कारण भाव आणि पुरवठा यांच्या रेषा आकृतीत काढल्या, तर त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या एकमेकींभोवती फिरताना दिसतात.

हे केवळ पुस्तकी नव्हे. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे देशात पाऊस सरासरीहून बराच कमी पडला. २०१५-१६ मध्ये देशातील तुरीचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवर आले. २०१५ च्या दिवाळीपूर्वी शहरांतील किरकोळ दुकानांत तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत पोहोचली होती, हे घरोघरच्या भगिनींच्या स्मरणात असेलच. त्या भावाने मोहित होऊन शेतकऱ्यांनी २०१६ च्या खरिपात तुरीचे क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टरांवरून ५३ लाख हेक्टरांवर नेले. पाऊसही बरा झाला. परिणामी २०१६-१७ मध्ये उत्पादन सुमारे ४८ लाख टन झाले, म्हणजे एका वर्षात जवळजवळ दुप्पट. त्या वर्षी सरकारने हमीभाव, बोनस धरून, क्विंटलला ५,०५० रुपये जाहीर केला होता. बाजारभाव त्याच्याही खाली गेला. महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांवर तुरीच्या राशी पडून राहिल्या आणि बारदान पुरेनासे झाले. ज्या तुरीस चौदा महिन्यांपूर्वी सारे शोधत होते, तीच तूर आता कोणी घेईना.

पुढेही तेच घडले. २०२३ मध्ये तूर पुन्हा तेजीत आली, तेव्हा जूनमध्ये केंद्र सरकारने घाऊक व्यापाऱ्यास २०० टनांची साठामर्यादा घातली आणि सप्टेंबरमध्ये ती ५० टनांवर आणली. जून २०२४ मध्ये तूर व हरभऱ्यावर पुन्हा मर्यादा आली. त्यानंतर २०२५ मध्ये तुरीचा भाव ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली उतरला. म्हणजे चक्र फिरते हे निश्चित. अनिश्चित आहे ते एवढेच, की ते कोणत्या महिन्यात फिरेल. पाऊस, परदेशातून येणारी जहाजे आणि सरकारी हुकूम या तिन्हींवर ते अवलंबून असते, आणि या तिन्हींपैकी एकावरही व्यापाऱ्याची सत्ता चालत नाही.

थांबण्याचे भाडे

तरुण व्यापारी म्हणतो, "भाव पडला तर पडला, माल तर आपल्याजवळ आहे. थांबू या." हे म्हणताना तो विसरतो की थांबणे फुकट नसते. एक साधा हिशेब मांडून पाहू.

समजा, तूर क्विंटलला ७,००० रुपयांनी घेतली. भांडवलावर दरमहा एक टक्का व्याज धरले, तर महिन्यास ७० रुपये व सहा महिन्यांस ४२० रुपये होतात. गोदामभाडे, विमा व हमाली मिळून महिन्यास १० रुपये धरले, तर सहा महिन्यांचे ६० रुपये. माल सुकून व सांडून होणारी घट दीड टक्का धरली, तर १०५ रुपये. एकूण ५८५ रुपये झाले. म्हणजे सहा महिन्यांनंतर तूर ७,५८५ रुपयांस विकली, तर व्यापाऱ्यास एक पैसाही नफा नाही. त्याने केवळ आपले मुद्दल व खर्च परत मिळविला. ज्याच्या वहीत ७,००० रुपये खरेदी व ७,५०० रुपये विक्री अशी नोंद असेल, तो पाचशे रुपये मिळाले म्हणून पेढे वाटील. प्रत्यक्षात त्याने ८५ रुपये गमावलेले असतात. स्वतःचे भांडवल असले तरी व्याज धरलेच पाहिजे, कारण तीच रक्कम अन्यत्र गुंतविली असती तर तिला व्याज मिळालेच असते.

याखेरीज एक खर्च असा आहे, की जो वहीत मांडता येत नाही. कडधान्य गोदामात जितके अधिक दिवस राहील, तितका भुंगेऱ्यांचा व टोक्यांचा उपद्रव वाढतो. पावसाळा मध्ये आला तर विचारूच नये. मग औषधाची धुरी देणे आले. अहिंसा पाळणाऱ्या आपल्या घरांत या गोष्टीचे मनास किती लागते, हे धान्याचा व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. आमचे कै. वडील पावसाळ्यापूर्वी वखार शक्य तितकी रिकामी करीत. नफा थोडा कमी झाला तरी चालेल, पण किडीपूर्वी माल निघाला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. लहानपणी आम्हांस तो केवळ धर्मभीरूपणा वाटे. पुढे हिशेब शिकल्यावर कळले, की त्यात व्यापारी शहाणपणही तितकेच होते.

आमची स्वतःची गोष्ट

आता जे लिहावयाचे, ते लिहिताना लेखणी अडखळते. परंतु ते टाळले तर हा लेख निव्वळ उपदेश ठरेल.

२०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या पेढीने ५०० क्विंटल तूर सरासरी ६,१०० रुपयांनी घेतली. आषाढ-श्रावणात भाव नऊ हजारांच्या घरात गेला. ऑक्टोबरमध्ये तो बारा हजारांच्या पुढे गेला आणि एका डाळगिरणीकडून आम्हांस १२,२०० रुपयांची मागणी आली. आमचे धाकटे बंधू त्या वेळी पेढीत भागीदार होते. ते म्हणाले, "अण्णा, निम्मा माल तरी काढू या. दुप्पट झाले की." आम्ही म्हणालो, "तात्या, दिवाळी अजून तीन आठवडे आहे. पंधरा हजार पाहिल्याशिवाय आपण पोते हलवायचे नाही." पंधरा हजार हा आकडा कोठून आला, याचे उत्तर आज शोधूनही सापडत नाही. बाजारात चारजण बोलत होते, एवढेच.

त्याच ऑक्टोबरमध्ये सरकारने साठ्यावरील मर्यादा कडक केल्या व राज्याराज्यांत छापे सुरू झाले. आमच्या वह्या चोख होत्या. परंतु गिरणीवाल्यांनी भीतीने खरेदीच थांबविली, मग चोख वह्यांचा काय उपयोग? नवी तूर येऊ लागेपर्यंत आम्ही बसून राहिलो आणि शेवटी ८,६०० रुपयांनी माल दिला. व्याज, भाडे व घट वजा जाता सुमारे साडेआठ लाख रुपये नफा राहिला.

वाचक म्हणतील, नफाच झाला, मग दुःख कशाचे? हाच प्रश्न त्या वेळी आमच्या सौभाग्यवतींनीही विचारला होता. परंतु आमच्या मनात साडेआठ लाख मिळाल्याचा संतोष नव्हता. जे हातचे गेले, त्याची खंत होती. रात्री झोप येईना. आणि त्या खंतीपायी आम्ही दुसरी चूक केली, जी पहिलीपेक्षा फार मोठी होती. २०१६ च्या एप्रिल-मेमध्ये तूर पुन्हा चढू लागली. गेले ते परत मिळविण्याची संधी आली असे वाटून, आम्ही ४०० क्विंटल तूर ९,४०० रुपयांनी घेतली. तात्यांनी स्पष्ट विरोध केला. आम्ही वडीलपणाच्या अधिकाराने त्यांस गप्प बसविले.

पुढे काय झाले ते वर आलेच आहे. पाऊस चांगला पडला, पेरा वाढला, आणि जानेवारी २०१७ मध्ये आम्ही तो माल ४,९०० रुपयांनी विकला. क्विंटलमागे ४,५०० रुपये तोटा, म्हणजे १८ लाख. आठ महिन्यांचे व्याज तीन लाख. असे एकूण एकवीस लाख गेले. पहिल्या वर्षाचा नफा त्यात बुडाला आणि वर साडेबारा लाखांचा खड्डा पडला. तो भरण्यासाठी मार्केट यार्डाजवळील एक जागा विकावी लागली, जी वडिलांनी दोघा भावांसाठी घेऊन ठेविली होती. त्या वर्षीच्या पाडव्यास तात्यांनी पेढीतून आपला भाग वेगळा केला. कज्जा झाला नाही, आवाज चढला नाही. परंतु बत्तीस वर्षे एका गादीवर बसलेले दोघे भाऊ दोन दुकानांत बसू लागले. लाख रुपये पुन्हा मिळविता येतात. ते मात्र अद्याप पूर्ववत झालेले नाही.

१८६५ ची मुंबई

आमच्यासारख्या लहान पेढीची कथा राहू द्या. मोठमोठे धुरंधरही याच ठिकाणी घसरले आहेत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडील आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. धारवाडपासून खानदेशापर्यंतच्या कापसास सोन्याचे मोल आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशातून बँका, समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्या आणि नाना प्रकारचे उद्योग निघाले. बॅक बे कंपनीच्या पाच हजार भरलेल्या भागास बाजारात त्याच्या कित्येक पट किंमत येऊ लागली. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ च्या मुदतीवर होऊ लागले.

सुरतेत जन्मलेले शेठ प्रेमचंद रायचंद हे त्या काळी मुंबईच्या कापूस व भागबाजाराचे जणू राजेच होते. ते आपल्याच जैन समाजातील. त्यांच्या दानातून उभा राहिलेला व त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा राजाबाई मनोरा आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आल्याची वार्ता आली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलैच्या मुदतीस सौदे पुरे करणे असंख्य लोकांस अशक्य झाले. एकामागून एक पेढ्या बुडाल्या, प्रेमचंद शेठजींनाही जबर फटका बसला, आणि बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली.

या प्रकरणातील विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, युद्ध केव्हातरी संपणार हे मुंबईत सर्वांनाच माहीत होते. ती गुप्त गोष्ट नव्हती. कोणत्या दिवशी संपेल, एवढेच माहीत नव्हते. आणि प्रत्येकास वाटत होते, की त्या दिवसाच्या आदल्या दिवशी आपण विकून मोकळे होऊ. सर्वच जण एका दाराने एकाच दिवशी बाहेर पडू पाहतात, तेव्हा दार पुरत नाही. यावरून आम्ही एक नियम केला : ज्या कारणाने भाव चढला, ते कारण तात्पुरते असेल, तर भावही तात्पुरताच समजावा, आणि कारण संपण्याची वाट न पाहता विक्रीस लागावे.

चक्र फिरण्याची चिन्हे

नेमका दिवस सांगता येत नसला, तरी हवा पालटत असल्याची चिन्हे दिसतात. आमच्या अनुभवास आलेली काही येथे देतो.

पहिले चिन्ह, ग्राहकाचे. तूरडाळ फार महागली, की गृहिणी आमटीत मसूर वा मूग मिसळू लागतात आणि खाणावळी स्वस्त डाळीकडे वळतात. गोव्यातील आमचे किरकोळ दुकानदार दहा पोत्यांऐवजी सहा पोती मागवू लागले, की समजावे, भाव गिऱ्हाइकाच्या खिशापलीकडे गेला. बाजारातील तेजीवाले काहीही म्हणोत, शेवटी डाळ खाणाराच भाव ठरवितो.

दुसरे चिन्ह, सरकारचे. सरकारी उपाय बहुधा क्रमाने येतात. प्रथम आयातकर उतरतो, मग साठ्याची नोंद मागितली जाते, मग साठामर्यादा येते, मग निर्यात वा वायदेबाजार यांवर बंधने येतात. पहिली पायरी दिसताच दुसरीची तयारी ठेवावी. मंदीत हाच क्रम उलटा फिरतो. मार्च २०१७ मध्ये तुरीवर दहा टक्के आयातकर बसला, ऑगस्टमध्ये आयातीवर मर्यादा आली, आणि त्या वर्षअखेरपर्यंत डाळींच्या निर्यातीवरील जुनी बंदी उठली. ही मंदीच्या तळाची खूण होती.

तिसरे चिन्ह, परदेशी मालाचे. आपल्याकडे तूर म्यानमार, मोझांबिक, टांझानिया इत्यादी देशांतून येते. आफ्रिकेतील माल साधारणतः भाद्रपद-आश्विनापासून बंदरावर लागतो, म्हणजे नेमका आपल्याकडील टंचाईच्या काळात. जुलै २०१६ मध्ये भारत व मोझांबिक या सरकारांत तूर आयातीचा करार झाला. ती बातमी आम्ही सकाळी चहाबरोबर वाचली होती व घडी करून ठेवून दिली होती.

चौथे चिन्ह, पेरणीचे. जून-जुलैमध्ये कृषिखात्याकडून पेऱ्याचे आकडे प्रसिद्ध होतात. पेरा फार वाढला आणि पाऊस साथ देत असला, तर पिकाची वाट पाहू नये. भाव पिकाआधीच उतरू लागतो.

पाचवे चिन्ह, मनुष्यस्वभावाचे. ज्यांचा धान्याशी काही संबंध नाही असे लोक, कापडवाले, डॉक्टर, बंगल्याचे ठेकेदार, "आमच्यासाठी शंभर पोती घेऊन ठेवा" असे म्हणू लागले, की आपली पोती त्यांना देण्याची वेळ आली, असे समजावे.

सहावे चिन्ह सर्वांत सूक्ष्म. टंचाईची नवी बातमी येऊनही भाव वर जात नाही. पाऊस लांबल्याचे वृत्त आले, तरी बाजार जागचा हलत नाही. याचा अर्थ, जे घेणार होते त्यांनी घेऊन झाले.

तीन अतिचार

ही चिन्हे आम्हांस २०१६ मध्ये ठाऊक नव्हती काय? बहुतेक सर्व ठाऊक होती. तरी ती दिसली नाहीत, कारण दोष डोळ्यांत नव्हता. तो कोठे होता, हे २०१७ च्या दशलक्षण पर्वात कळले. मंदिरात एक पंडितजी श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतावर प्रवचन करीत होते. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी तीन अतिसंग्रह, विस्मय आणि लोभ हे होत. प्रभाचंद्राचार्यांच्या संस्कृत टीकेत त्यांचा अर्थ व्यापाऱ्याच्याच भाषेत दिला आहे. पुढे विशेष लाभ होईल या आशेने धान्यादिकांचा प्रमाणाबाहेर साठा करणे, हा अतिसंग्रह. चांगला लाभ मिळत असताही आणखी मिळावा म्हणून हाव धरणे, हा लोभ. आणि ठरलेल्या लाभाने माल विकल्यावर, किंवा मुळात साठाच केला नसताना, त्या मालात अधिक पैसा मिळालेला पाहून विषाद करणे, हा विस्मय.

आम्ही खाली मान घालून ऐकत होतो. वाटले, पंडितजी आमचीच खातेवही वाचून दाखवीत आहेत. १२,२०० चा गिऱ्हाईक परतविला, तो लोभ. ८,६०० ला विकून रात्रभर तळमळलो, तो विस्मय. आणि त्या तळमळीतून ९,४०० ने चारशे क्विंटल भरले, तो अतिसंग्रह. पहिले दोन दोष लाभ कमी करतात किंवा झोप घालवितात. परंतु विस्मयातून जो अतिसंग्रह जन्मतो, तो पेढी घालवितो. विकल्यानंतर भाव चढला म्हणून हळहळणे हे सर्वांत निरुपद्रवी वाटते. आमच्या मते तेच सर्वांत महाग आहे.

त्या व्रताचे मर्म 'परिमाण' या शब्दात आहे. मर्यादा आधी, मन शांत असताना ठरवावयाची असते. मोह समोर उभा असताना ठरविलेली मर्यादा त्या मोहाच्याच मापाची होते.

वहीतील तीन ओळी

तेव्हापासून आमच्या पेढीवर एक पद्धत आहे. साठ्यासाठी माल घेतला, की त्याच दिवशी त्या खात्याच्या माथ्यावर तीन ओळी लिहावयाच्या.

पहिली ओळ : हा माल कोणत्या कारणाने घेतला. उदाहरणार्थ, "पेरा कमी, पाऊस कमी, जुना साठा थोडा." ते कारण नाहीसे झाले, की भाव काहीही असो, माल काढावयाचा.

दुसरी ओळ : कोणत्या भावास विक्री सुरू करावयाची. थांबण्याचे भाडे धरून मुद्दलावर समाधानकारक लाभ सुटतो, त्या भावास एक तृतीयांश माल विकावयाचा. त्याहून ठरावीक वर गेला, तर दुसरा तृतीयांश. आणि उरलेला तिसरा तृतीयांश नव्या मालाच्या आवकेपूर्वी, म्हणजे कार्तिक संपण्याच्या आत, जो भाव असेल त्यास. अशाने शिखरावर सारा माल कधीच विकला जात नाही, हे खरे. पण तळाशीही सारा माल सापडत नाही. शिखर कोणते हे उतरू लागल्यावरच कळते, म्हणून त्याच्या शोधात राहू नये.

तिसरी ओळ : किती तोटा सोसावयाचा. आमच्याकडे खरेदीच्या दहा टक्के खाली भाव गेला, की निम्मा माल निघतो, आणि त्यावर वडीलपणाचा अधिकार चालत नाही. तोट्यात विकणे अपमानास्पद वाटते. परंतु बाजारास आपण कोणत्या भावाने घेतले हे माहीत नसते, आणि माहीत असले तरी त्याची त्यास फिकीर नसते.

या तीन ओळींखाली पेढीतील दोघांची सही असते. एकट्याच्या निश्चयास एकटाच मोडू शकतो, म्हणून ही दुसरी सही. आणखी एक पथ्य आम्ही पाळतो. कर्जाच्या पैशाने साठा करावयाचा नाही, आणि घरखर्च, मुलांचे शिक्षण व दवाखाना यांसाठी राखलेल्या रकमेस हात लावावयाचा नाही. ज्यास व्याजाचा तगादा आहे, त्याच्या विक्रीची वेळ तो ठरवीत नाही, सावकार ठरवितो.

ही पद्धत धान्यापुरतीच नाही. आजकाल घरातील मुले-सुना भागबाजारात, जागांत, सोन्यात पैसा गुंतवितात. तेथेही चक्र असतेच. भाव चढला की इमारती जास्त उठतात, कंपन्या नवे भाग काढतात, आणि चार-सहा वर्षांनी पुरवठा मागणीपुढे जातो. कारण, विक्रीचा भाव आणि सोसावयाचा तोटा या तीन गोष्टी गुंतवणुकीच्या दिवशी एका कागदावर लिहून घरातील दोघांनी सही करावी. घरातील भगिनींची सही असेल तर उत्तमच. अंगावरील दागिना केव्हा मोडावा लागला, हे त्यांच्याइतके कोणाच्या स्मरणात राहत नाही.

२०२३ च्या तेजीत या पद्धतीची परीक्षा झाली. पहिला तृतीयांश आम्ही विकला आणि त्यानंतर भाव आणखी चढला. पूर्वीचे दिवस असते तर झोप उडाली असती. या वेळी वही उघडून तीन ओळी वाचल्या व ठरल्याप्रमाणे पुढचा माल काढला. नफा मध्यम झाला. साठामर्यादा ५० टनांवर आली, तेव्हा आमच्या वखारीत काळजी करण्यासारखे फारसे काही नव्हते.

त्या वर्षीच्या वहीवर दुसरी सही कोणाची होती, हे सांगून लेख पुरा करतो. मुलगा बाहेरगावी होता, म्हणून आम्ही वही घेऊन तात्यांच्या दुकानी गेलो. त्यांनी चष्मा लावून तिन्ही ओळी सावकाश वाचल्या. म्हणाले, "अण्णा, दुसऱ्या ओळीतला भाव दोनशे रुपयांनी खाली आणा." आम्ही आणला. मग त्यांनी सही केली.

सर्व व्यापारी बंधुभगिनींस नव्या वर्षी योग्य वेळी विक्री करण्याची बुद्धी लाभो, आणि विकल्यावर मागे वळून न पाहण्याचे धैर्यही लाभो. काही अधिकउणे लिहिले गेले असल्यास क्षमा असावी.

जय जिनेंद्र.